चर्च म्हणजे इमारत की माणसे?



चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा, घंटा आणि क्रूस उभा राहतो. परंतु नव्या करारात यासाठी आलेला ग्रीक शब्द आहे 'एक्लेसिया', म्हणजे सभा. मराठी बायबलात त्याला 'मंडळी' म्हटले आहे. विटा-चुन्याशी त्याचा संबंध नाही. मग विचारावेसे वाटते, या सभेत एका पंक्तीला कोण कोण बसणार?

आजच्या जगात चर्चचे कार्य काय, असे विचारले की लोक शाळा व दवाखाने दाखवितात. मी स्वतः शिक्षक आहे, त्यांचे मोल मी कमी लेखणार नाही. पण खरी कसोटी पंक्तीतच लागते. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चचेच पाहा.

१८२९ साली या चर्चच्या धर्मसभेने ठरविले की प्रभुभोजन सर्वांना, रंग न पाहता, एकत्रच द्यावे. १८५७ साली मात्र तिने माघार घेतली. एकत्र उपासना शास्त्राला धरून आहे हे कबूल केले, आणि 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वेगळी उपासनाही चालेल असे म्हटले. दुर्बलता कोणाची? गोऱ्यांची! बाहेर कोण गेले? काळे! १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी निराळे मिशन चर्चच निघाले. बाप्तिस्मा तोच, बायबल तेच, दार मात्र वेगळे. १९४८ साली वर्णभेद हे राज्याचे धोरण झाले. तेव्हाचे पंतप्रधान मलान हे पूर्वी याच चर्चचे धर्मोपदेशक होते आणि चर्चचे पंडित धोरणाला बायबलातून आधार काढून देत होते.

या भिंतीला धक्का दिला तो वेगळ्या दाराने आत घातलेल्यांनीच. १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड ठरविले, गोऱ्या चर्चचे सदस्यत्व स्थगित केले आणि मिशन चर्चचे धर्मोपदेशक ॲलन बोसाक यांना अध्यक्ष निवडले. त्याच वर्षी मिशन चर्चने बेलहार येथे आपला विश्वासाचा कबुलीजबाब तयार केला व १९८६ साली तो स्वीकारला. देव अन्याय झालेल्यांच्या बाजूस उभा असतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

१९९० साली रस्टेनबर्ग येथे गोऱ्या चर्चचे प्राध्यापक विली योंकर यांनी जाहीर अपराधकबुली दिली. डेसमंड टूटू यांनी तेथेच ती स्वीकारली. पुढे १९९४ साली मिशन चर्च व आफ्रिकनांचे चर्च एक झाले. गोऱ्यांचे मूळ चर्च अजून त्यात आलेले नाही.