कुपवाडची त्रिभाषिकता आणि इंग्रजीचे अध्यापन

शालेय विषयांपैकी ज्या विषयाबद्दल पालकांच्या मनात सर्वाधिक अपेक्षा आणि विद्यार्थ्यांच्या मनात सर्वाधिक धास्ती आढळते, तो विषय म्हणजे इंग्रजी होय. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई राज्यात या विषयाचा आरंभ इयत्ता आठवीपासून होत असे. पुढे तो पाचवीवर आला आणि सन २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. अध्ययनाची वर्षे अशी वाढत गेली. परंतु त्या प्रमाणात भाषा विद्यार्थ्यांच्या पदरी पडली काय, हा प्रश्न शिल्लकच आहे. सन २०१६ च्या 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील पाचवीच्या दर १०० मुलांपैकी सुमारे २५ मुलांनाच सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. सन २००९ मध्येही हे प्रमाण जवळपास एवढेच होते.

शाळेचे माध्यम बदलावे, सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू करावेत की आहे त्या वर्गांतील इंग्रजी सुधारावी, याचा निर्णय आज अनेक गावांत शाळा व्यवस्थापन समित्या, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य घेत असतात. असा निर्णय घेताना भाषा कशी आत्मसात होते, याविषयीचे संशोधन समोर असणे अगत्याचे आहे. या संशोधनातील एक महत्त्वाचे प्रकरण मिरज परिसरातच घडले आहे.

एक गाव, अनेक भाषा

मिरज हे सीमेलगतचे शहर. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांचे लोहमार्ग येथे एकत्र येतात. बाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. मिरजेजवळच्या कुपवाड गावाचा भाषिक अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन संशोधकांनी केला व त्याचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावात कन्नड बोलणारे जैन व लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान आणि मराठी भाषक असे समाज पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत होते; काही घरांतून तेलुगूही बोलली जाई. आज कुपवाड सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग असून तेथे औद्योगिक वसाहत उभी आहे.

या अभ्यासातून असे दिसून आले, की कुपवाडकरांनी घरची भाषा सोडली नव्हती, परंतु रोजच्या व्यवहारामुळे या भाषांच्या वाक्यरचना एकमेकींच्या फार जवळ आल्या होत्या. शब्द निरनिराळे, पण वाक्याचा साचा एक, अशी ही स्थिती होती. "बाजारातून भाजी घेऊन आलो" हे साधे वाक्य उदाहरणादाखल घेता येईल. ते या परिसरातील उर्दूत "बाजार से भाजी लेके आया" असे, तर कन्नडमध्ये "बजारदिंद कायिपल्ले तगोंडु बंदे" असे होईल. तिन्ही वाक्यांत स्थळ प्रथम, वस्तू नंतर आणि क्रियापद अखेरीस येते. 'ऊन', 'से' आणि 'दिंद' हे तिन्ही नामाच्या मागून येतात. 'घेऊन' आणि 'आलो' अशा दोन क्रियांची जोडीही तिन्ही भाषांत कायम आहे. एका भाषेतील शब्द काढून त्या जागी दुसऱ्या भाषेतील शब्द बसविला, की भाषांतर जवळजवळ पूर्ण होते.

या निष्कर्षाची पुढे चिकित्साही झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील भाषाभ्यासक सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास करून शब्दाला शब्द या समांतरतेचे प्रतिमान कितपत टिकते, याची छाननी केली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि, शेजारच्या भाषा व्यवहारातून आत्मसात करण्याची या परिसरातील लोकांची क्षमता निर्विवाद आहे.

इंग्रजीपाशी साचा मोडतो

हेच वाक्य इंग्रजीत आणताना काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. "आय ब्रॉट व्हेजिटेबल्स फ्रॉम द मार्केट" या वाक्यात कर्ता उच्चारावाच लागतो; मराठीत तो 'आलो' या रूपातच सामावलेला आहे. 'घेऊन आलो' या जोडीचे काम 'ब्रॉट' हे एकच क्रियापद करते. 'फ्रॉम' हा शब्द नामाच्या पुढे येतो आणि बाजार वाक्याच्या शेवटी जातो. शिवाय मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषांत ज्याला जोड नाही, असा 'द' हा लहानसा शब्द नामाआधी येऊन बसतो.

मिरजेतील मुलाने, त्याची घरची भाषा कोणतीही असो, तोपर्यंत जोपासलेली सवय येथे उपयोगी पडत नाही. "मला दोन भाऊ आहेत" या वाक्यातील 'मला' साठी 'टू मी' आणि 'आहेत' साठी 'आर' असे शब्द मांडून त्याचे वाक्य चुकते, ते याच कारणाने. हा निष्काळजीपणा नसून एका भाषेत खरा ठरलेला नियम दुसऱ्या भाषेत लावून पाहण्याचा तो प्रयत्न असतो.

उच्चार व लेखन यांच्या बाबतीतही असेच आहे. इंग्रजीत 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' हे भिन्न शब्द आहेत. मराठी भाषकाच्या तोंडी दोहोंचा आरंभ सहसा एकाच 'व'ने होतो. कन्नड भाषक मुलाला शब्दाच्या अंती स्वर उच्चारण्याची सवय असल्याने 'बस'चे 'बस्सु' होते. देवनागरीत अक्षर पाहिले की उच्चार बहुतांशी ठरतो. इंग्रजीत मात्र २६ अक्षरांवर चाळीसहून अधिक ध्वनींचा भार आहे आणि 'पुट' व 'बट' या शब्दांतील एकच स्वराक्षर दोन तऱ्हांनी उच्चारावे लागते.

चुकांकडे पाहण्याची दृष्टी

सन १९५७ मध्ये रॉबर्ट लाडो यांनी दोन भाषांची पद्धतशीर तुलना केल्यास विद्यार्थ्याला कोणत्या अडचणी येतील याचा अंदाज बांधता येतो, असा सिद्धांत मांडला. तो उपयुक्त होता, पण अपुरा ठरला. कारण भिन्न मातृभाषांची मुलेही अनेकदा एकसारख्याच चुका करताना आढळली. सन १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी दाखवून दिले, की विद्यार्थ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याच्या प्रवासाचा पुरावा असतो. 'गो'चे भूतकाळी रूप 'गोड' असे करणाऱ्या मुलाला भूतकाळाचा सामान्य नियम समजला आहे. केवळ अपवाद अवगत व्हायचा आहे. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये विद्यार्थ्याच्या या मधल्या अवस्थेतील भाषेला स्वतंत्र भाषाव्यवस्था मानले.

शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की वहीतील प्रत्येक चूक तांबड्या शाईने खोडण्यापेक्षा वर्गात वारंवार येणाऱ्या चुकांची नोंद ठेवून त्यांतील एक-दोन चुकांवर आठवडाभर लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. चुकीला हसू झाले, की मूल बोलणेच थांबविते आणि भाषेचा मार्ग तेथेच खुंटतो.

संपर्काचा हिशेब

कुपवाडचे मूल शेजारची भाषा कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना शिकले. अंगण, दुकान, शेत आणि खेळ यांतून ती भाषा त्याच्या कानी पडत राहिली. शाळेतील इंग्रजीची स्थिती याच्या उलट आहे. आठवड्यास ३५ मिनिटांच्या सहा तासिका आणि वर्षास ३६ आठवडे धरल्यास वर्षभरात १२६ तास होतात. शेजारच्या मुलांत रोज तीन तास वावरणाऱ्या मुलाला तेवढा भाषासंपर्क अवघ्या सहा आठवड्यांत मिळतो. त्यातही वर्गात ४० मुले असतील, तर एका तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्यासाठी एक मिनिटही येत नाही. या तुटपुंज्या वेळाचा मोठा भाग मराठीतून अर्थ सांगण्यात आणि प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यात गेला, तर प्रत्यक्ष इंग्रजी किती कानी पडली, याचा हिशेब मांडणे कठीण नाही.

ही तूट कशी भरून काढावी, याविषयी दोन प्रयोग विशेष बोधप्रद आहेत. पहिला प्रयोग फिजी बेटांतील. तेथील ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तके देण्यात आली आणि रोज २० ते ३० मिनिटे वाचनासाठी राखून ठेवण्यात आली. या मुलांच्या घरी फिजियन किंवा हिंदी बोलली जाई. इंग्रजी ही शाळेचीच भाषा होती. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार या मुलांची वाचनातील प्रगती नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली आणि दुसऱ्या वर्षी तिचा लाभ लेखन व व्याकरणापर्यंत पोहोचला. वाचनाच्या या सामर्थ्यावर मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकातच बंगालमधील अनुभवावरून भर दिला होता.

दुसरा प्रयोग दक्षिण भारतातील. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात काही शाळांत व्याकरणाचे नियम बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडविण्याजोगी कामे दिली. नकाशावरून रस्ता शोधणे, वेळापत्रकावरून प्रवास ठरविणे अशी ती कामे होती. सन १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र मूल्यमापनाचा कौल सावध, पण अनुकूल होता. मिरजेच्या शिक्षकाला अशा कामासाठी साहित्य शोधत फिरावे लागणार नाही. मिरज जंक्शनचे वेळापत्रक हाच एक उत्तम पाठ होऊ शकतो. 'प्लॅटफॉर्म', 'सिग्नल', 'तिकीट' हे शब्द तर मुलांच्या तोंडी आधीपासूनच आहेत. तीच गोष्ट 'ऑपरेशन', 'इंजेक्शन', 'नर्स' या शब्दांची. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज ही वैद्यकसेवेची पेठ बनली आहे.

घरची भाषा हा पाया

इंग्रजी लवकर यावी म्हणून घरची भाषा शाळेबाहेर ठेवावी, असा समज अनेक पालकांत आढळतो. संशोधन त्यास दुजोरा देत नाही. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार एका भाषेत कमावलेली वाचनाची, तर्काची आणि मांडणीची शक्ती दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. मराठीत किंवा कन्नडमध्ये उतारा वाचून त्याचे सार सांगू शकणाऱ्या मुलाला ते कौशल्य इंग्रजीत नव्याने शिकावे लागत नाही. शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, ही तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही आहे.

याचे एक ठळक उदाहरण याच परिसराशी निगडित आहे. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये विश्रामबाग येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्यपद विनायक कृष्ण गोकाक यांनी भूषविले होते. हे कन्नडचे थोर कवी इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे ते हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले आणि देशातील इंग्रजी अध्यापनाला त्यांनी दिशा दिली. ज्ञानपीठ पुरस्कार मात्र त्यांना कन्नड लेखनासाठी लाभला. एका भाषेवरील निष्ठा दुसऱ्या भाषेवरील प्रभुत्वाच्या आड येत नाही, हे त्यांच्या जीवनकार्यावरून स्पष्ट होते.

गावपातळीवर काय करता येईल

या सर्व संशोधनाचा विचार केल्यास काही गोष्टी विनाविलंब हाती घेता येण्याजोग्या आहेत. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदांतून शिक्षकांनी आपापल्या वर्गातील चुकांच्या नोंदी एकत्र पाहाव्यात आणि आठवड्याचे पाठ त्यानुसार ठरवावेत. शाळा व्यवस्थापन समितीने दर्शनी फलकाच्या खर्चाआधी सोप्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांसाठी तरतूद करावी आणि ती पुस्तके कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाती राहतील, असे पाहावे. रोज वीस मिनिटे वाचनासाठी राखावीत. पंचायत सदस्यांनी माध्यम बदलण्याची मागणी पुढे आल्यास, शिकविणाऱ्या शिक्षकांची इंग्रजीतून गणित व विज्ञान समजावून देण्याची तयारी किती आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. ती तयारी नसताना केलेला बदल मुलाच्या हातून इंग्रजीबरोबर गणितही काढून घेतो. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी पूर्ण झालेल्या धड्यांची संख्या मोजण्याबरोबरच एखाद्या मुलाला अनोळखी परिच्छेद वाचावयास देऊन त्याचा अर्थ त्याच्या भाषेत विचारावा.

कुपवाडच्या शेतकऱ्याने आणि मजुराने शेजाऱ्याची भाषा आत्मसात केली, ती गरज, सहवास आणि सराव यांच्या बळावर. तीच ग्रहणशक्ती त्यांच्या नातवंडांच्या ठायी आहे. इंग्रजीच्या तासाला या तिन्ही गोष्टींची जोड मिळाली, तर पहिलीपासून खर्ची पडणाऱ्या वर्षांचे चीज होईल आणि घरची भाषा सोडण्याची पाळीही कोणावर येणार नाही.