लहान उद्योगाचे भांडवल : युरोपातील काही मार्ग

दुकान चालते, गिऱ्हाईक आहे, अंगी कसबही आहे. पण हाती रोकड नाही. अशा वेळी लहान व्यापारी बँकेकडे जातो आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो. आपल्या ट्रस्टच्या अनेक कुटुंबांना ह्याचा अनुभव असेल. परंतु ही अडचण केवळ आपली नव्हे. युरोपसारख्या संपन्न खंडातही सुतार, पाववाले, लहान कारखानदार ह्यांची हीच तक्रार आहे. तिच्यावर तेथे कोणते उपाय योजले गेले व त्यांपासून आपण काय शिकावे, ह्याचा थोडक्यात विचार आम्ही येथे करीत आहो.

प्रथम अडचणीचे कारण पाहू. युरोपीय संघाच्या व्याख्येप्रमाणे ज्या उद्योगात २५० हून कमी माणसे कामास आहेत आणि ज्याची वार्षिक उलाढाल ५ कोटी युरोहून अधिक नाही, तो लहान वा मध्यम उद्योग होय. संघातील शंभरापैकी सुमारे नव्व्याण्णव उद्योग ह्याच वर्गात मोडतात. तरीही बँकेस ते नकोसे का वाटतात? लहान कर्जाची छाननी करण्यास मोठ्या कर्जाइतकीच मेहनत पडते. व्याज मात्र थोडे मिळते. शिवाय लहान माणसाजवळ तारण नसते व हिशेबाच्या वह्याही बेताच्याच असतात. २००८ च्या आर्थिक संकटानंतर बँकांनी हात अधिकच आखडता घेतला. अमेरिकेच्या मानाने युरोपातील उद्योगांची भिस्त बँकांवर जास्त. त्यामुळे ते एक दार बंद होताच लहान उद्योजकास दुसरे दार शोधावे लागले.

खरे पाहता दुसऱ्या दाराची कल्पना तेथे नवी नव्हती. जर्मनीत शुल्झे-डेलिच ह्यांनी १८५० साली कारागिरांसाठी आणि राइफायझेन ह्यांनी १८६४ साली शेतकऱ्यांसाठी पतसंस्था काढल्या. ज्यांना कोणी कर्ज देत नव्हते त्यांनीच एकमेकांची जबाबदारी घेतली. आपल्याकडे १८८९ साली वडोद्यात भाऊसाहेब कवठेकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. तिची गणना भारतातील अगदी पहिल्या परस्परसाहाय्यक मंडळ्यांत होते. तेव्हा ह्या विषयाशी आपले नाते जुने आहे.

ह्याच तत्त्वाचा दुसरा अवतार म्हणजे परस्पर हमीची मंडळी. फ्रान्समध्ये १९१७ साली तिच्यासाठी कायदा झाला, आणि इटलीतही अशा संस्था पुष्कळ आहेत. तिची रीत अशी : व्यावसायिक एकत्र येऊन वर्गणीने एक निधी उभारतात. सभासदाला कर्ज हवे असल्यास मंडळी त्याची चौकशी करते व योग्य वाटल्यास बँकेपाशी त्याला जामीन राहते. कर्ज बुडाले तर ठरल्या प्रमाणात भरपाई ह्या निधीतून होते. सुताराच्या हातचे काम खरे किती, त्याचे गिऱ्हाईक टिकाऊ आहे की नाही, हे बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा दुसऱ्या सुतारास अधिक कळते. ती माहितीच येथे तारणाच्या जागी उभी राहते.

तिसरा मार्ग बिलांचा. माल दिला, पण पैसे तीन महिन्यांनी येणार, अशा वेळी ते बिलच एखाद्या वित्तसंस्थेस थोड्या कसरीने विकून रोकड मिळविता येते. ह्यास फॅक्टरिंग म्हणतात. हुंडी वटविण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांस हे नवे वाटणार नाही. मात्र रोग मुळातच कमी व्हावा म्हणून संघाने २०११ च्या निर्देशाने मुदती घातल्या : सरकारी कार्यालयांनी सामान्यतः ३० दिवसांत व खाजगी उद्योगांनी, वेगळा स्पष्ट करार नसल्यास, ६० दिवसांत पैसे चुकवावेत, न चुकविल्यास व्याज द्यावे. आपले हक्काचे पैसे वेळेवर मिळणे हेही एक भांडवलच नव्हे काय?

ब्रिटनने २०१६ पासून आणखी एक उपाय केला. ठराविक मोठ्या बँकांनी लहान उद्योगाचे कर्ज नाकारले, तर त्याच्या संमतीने त्याची माहिती अन्य कर्जदाते शोधून देणाऱ्या संस्थांकडे पाठविणे त्यांस बंधनकारक झाले. नकाराबरोबर निदान पुढचा पत्ता तरी मिळू लागला.

सर्वांत नवा मार्ग क्राउडफंडिंगचा. इंटरनेटवरील मंचावर उद्योजक आपली गरज मांडतो व शेकडो माणसे थोडीथोडी रक्कम देतात. ह्यात सोय आहे तसा धोकाही आहे. २०२० च्या जानेवारीत एस्टोनियातील असे दोन मंच बंद पडले आणि अनेकांची बचत अडकली. आकर्षक व्याजापलीकडे पैसा नेमका कोणाकडे जातो, हे देणाऱ्यांनी पाहिले नव्हते. लंडनच्या फंडिंग सर्कल कंपनीने २०१० साली सामान्य माणसांच्या बचतीतून उद्योगांस कर्ज देण्यास आरंभ केला. २०२२ मध्ये सामान्यांसाठीचा तो विभाग तिने कायमचा बंद केला.

म्हणून नोव्हेंबर २०२१ पासून युरोपीय संघात एकसारखे नियम लागू झाले. मंचास परवाना हवा. एका उद्योगास वर्षात ५० लाख युरोपर्यंतच रक्कम ह्या नियमांखाली उभारता येते. जोखमीची माहिती स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. आणि अननुभवी माणसास दिलेला शब्द चार दिवसांत कारण न सांगता परत घेता येतो.

ह्या सर्वांतून आम्हांस तीन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. कर्ज मागणाऱ्याने हिशेब चोख ठेवावा व बिलाची मुदत लेखी ठरवावी. देणाऱ्याने व्याजाचा आकडा पाहण्यापूर्वी घेणाऱ्याचा धंदा पाहावा. आणि समाजाने आपल्या होतकरू माणसाची पारख करून त्याच्यामागे उभे राहावे. पण कर्ज बुडाले तर भरपाई कोण व किती करणार, हे आधीच कागदावर उतरवावे. आपसातली ओळख मोलाची खरी. तथापि वहीतील नोंदीवाचून ती फार दिवस टिकत नाही.