स्वतःशी शर्यत

तुम्ही फुटबॉलचा सामना नक्कीच पाहिला असेल. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत काय घडते, याकडे कधी लक्ष दिले आहे का? सुरुवातीला वाऱ्यासारखे धावणारे खेळाडू मंदावतात. पास चुकू लागतात. चेंडू अगदी जवळून जातो, पण पाय वेळेवर पुढे येत नाही. या खेळाडूंचे कौशल्य कुठे हरवलेले नसते. त्यांचा दम संपलेला असतो.

फुटबॉलचा पूर्ण सामना ९० मिनिटांचा असतो. मोठ्या स्पर्धांमधला खेळाडू एका सामन्यात साधारण १० किलोमीटर अंतर कापतो. हे अंतर तो एकाच चालीने कापत नाही. तो चालतो, हळू धावतो, एकदम सुसाट सुटतो, थांबतो, वळतो, उडी मारतो आणि पुन्हा धावतो. म्हणून मैदानाला नुसत्या फेऱ्या मारून त्याची तयारी पूर्ण होत नाही. त्याला दम हवा, तशीच ताकद, वेग आणि चपळाईही हवी.

या सगळ्या गोष्टी एकाच वेळी कशा कमवायच्या? त्यासाठी एक सोपी पद्धत आहे. तिचे नाव सर्किट ट्रेनिंग. सर्किट म्हणजे फेरा. मैदानावर गोलाकार काही ठिकाणे ठरवायची. प्रत्येक ठिकाणी वेगळा व्यायाम करायचा. एक व्यायाम संपला की लगेच पुढच्या ठिकाणी जायचे. सगळी ठिकाणे झाली की एक फेरा पूर्ण होतो.

ही पद्धत १९५३ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. अ‍ॅडमसन या दोघांनी तयार केली. एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांना थोड्या जागेत आणि थोड्या वेळात व्यायाम करता यावा, अशी तिची रचना आहे. पण तिची खरी खुबी वेगळीच आहे. प्रत्येकाने किती व्यायाम करायचा, हे त्याच्या स्वतःच्या शक्तीवरून ठरते.

ते कसे? समजा, तुमचा मित्र एका मिनिटात ३० बैठका काढतो आणि तुम्ही १६ काढता. आता दोघांनीही आपापल्या आकड्याचा निम्मा भाग घ्यायचा. मित्र प्रत्येक फेऱ्यात १५ बैठका काढील, तुम्ही ८ काढाल. असे प्रत्येक व्यायामाचे आकडे एका कार्डावर लिहायचे. मग न थांबता तीन फेरे करायचे आणि एकूण वेळ मोजायचा. आज १८ मिनिटे लागली आणि काही दिवसांनी १६ मिनिटे लागली, तर तुमची प्रगती झाली. मग पुन्हा चाचणी घ्यायची आणि कार्डावर नवे आकडे लिहायचे. इथे मित्राला हरवायचे नसते. कालच्या स्वतःला मागे टाकायचे असते.

ही गोष्ट तुमच्या वयात फार महत्त्वाची आहे. तेरा वर्षांची दोन मुले शेजारी उभी करा. एक उंच आणि दणकट दिसेल, दुसरा अगदी लहान. दोघांचे वय एकच असले तरी शरीराच्या वाढीची वेळ वेगळी असते. कुणाची वाढ लवकर होते, कुणाची उशिरा. लहानखुऱ्या मुलाला "हा खेळ तुझ्यासाठी नाही," असे म्हणून बाजूला बसवले, तर कदाचित एक चांगला खेळाडू कायमचा हरवतो. कार्डाची पद्धत अशा मुलाला बाहेर बसवत नाही. ती त्याला त्याच्या जागेवरून सुरुवात करू देते. मुलींनाही ती तितकीच उपयोगी आहे.

शाळेच्या छोट्या अंगणातही हा फेरा करता येतो. पुढील आठ ठिकाणे मांडून पाहा :

१. बैठका काढणे.
२. दोरीवरच्या उड्या मारणे.
३. जोर काढणे. जमत नसेल तर गुडघे टेकून काढावेत.
४. दहा मीटर अंतरावर ये-जा धावणे.
५. उताणे झोपून, गुडघे दुमडून, खांदे जमिनीवरून उचलणे.
६. पायरीवर चढ-उतार करणे.
७. पालथे झोपून छाती वर उचलणे.
८. ओळीत ठेवलेल्या दगडांमधून चेंडू नागमोडी नेणे.

यासाठी एक दोरी, एक चेंडू आणि घड्याळ पुरेसे आहे. पायांच्या व्यायामानंतर हातांचा किंवा पोटाचा व्यायाम आला, तर थकलेल्या स्नायूंना थोडी विश्रांती मिळते. हृदय मात्र जोरात काम करत राहते. त्यामुळे ताकद आणि दम दोन्ही वाढतात.

काही गोष्टी मात्र विसरू नका. सुरुवातीला दहा मिनिटे हळू धावून आणि हातपाय हलवून शरीर गरम करा. व्यायाम भरभर पण चुकीचा करण्यापेक्षा सावकाश आणि नीट करा. आठवड्यातून दोन-तीन दिवस सर्किट करा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या, कारण स्नायू विश्रांतीतच बळकट होतात. दुपारच्या उन्हात व्यायाम टाळा आणि पुरेसे पाणी प्या. रमजानमध्ये रोजा असेल, तर इफ्तारनंतर थोड्या वेळाने हलका व्यायाम पुरेसा आहे. वाढीच्या वयात गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखू लागले, तर ते लपवू नका. व्यायाम थांबवा आणि शिक्षकांना सांगा. दुखणे सहन करणे म्हणजे हिंमत नव्हे.

मेहनतीचे फळ आपल्या देशाच्या फुटबॉलनेही पाहिले आहे. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे एक शिक्षक होते. पुढे ते भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. खेळाडूंचा दम, वेग आणि शिस्त यांवर त्यांचा भर असे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपल्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, रहीमसाहेबांचे कर्करोगाने निधन झाले. पण एका शिक्षकाने घडवलेला तो संघ आजही आदराने आठवला जातो.

तुमच्यापैकी प्रत्येक जण देशासाठी खेळेलच असे नाही. पण सुदृढ शरीर प्रत्येकाला हवे आहे. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग उद्याच एक कोरे कार्ड घ्या. वर आपले नाव लिहा, खाली आजचे आकडे लिहा. आकडे लहान असले तरी लाजू नका. ते फक्त तुमची सुरुवात सांगतात.

शब्दार्थ
खुबी – वैशिष्ट्य, गुण
दणकट – मजबूत
लहानखुरा – अंगाने लहान
नागमोडी – वळणे घेत जाणारे
सुदृढ – निरोगी व बळकट

स्वाध्याय
१. सामन्याच्या शेवटी खेळाडूंचे पास का चुकू लागतात?
२. सर्किट ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाचा आकडा कसा ठरवतात?
३. 'दुखणे सहन करणे म्हणजे हिंमत नव्हे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : बाजूला बसवणे, मागे टाकणे.
५. तुमचे स्वतःचे व्यायामाचे कार्ड तयार करा आणि महिनाभर त्यात नोंदी ठेवा.