विज्ञानकथेची कार्यशाळा : जुन्नर-आंबेगावच्या शिवारातील पाठ

विज्ञानकथा म्हणजे अवकाशयाने व परग्रहवासी यांची कथा, असा समज अद्यापि रूढ आहे. त्यामुळे ग्रामीण शिक्षकास व विद्यार्थ्यास हा साहित्यप्रकार परका वाटतो. वस्तुतः या कथेची सामग्री गावाच्या शिवारातही असते. ती ओळखण्याची दृष्टी लेखन कार्यशाळेतून देता येते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके याची उत्तम उदाहरणे होत.

मराठी विज्ञानकथेला संस्थात्मक उत्तेजनाचा मोठा लाभ झाला. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली व ती पहिली आली. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यामागील हेतू होता. कार्यशाळेतही कथा प्रथम लेखकाच्या नावाविना वाचाव्यात. त्यामुळे विद्यार्थी, शिक्षक व अधिकारी एकाच पंक्तीत बसतात.

विज्ञानकथेचे तीन टप्पे असतात : एक ज्ञात सत्य, एक ‘जर’ आणि माणसांवर होणारा त्याचा परिणाम. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी अत्यंत क्षीण असल्याने मानवनिर्मित उपकरणांचा गोंगाट त्यांत व्यत्यय आणतो. हे झाले सत्य. एके रात्री अनपेक्षित संकेत आला आणि त्याची खात्री करण्यासाठी आसपासच्या गावांनी तीन दिवस विजेची सर्व उपकरणे बंद ठेवावीत, अशी विनंती झाली, हा झाला ‘जर’. पिकाला पाणी देण्याची वेळ आलेला शेतकरी ग्रामसभेत काय म्हणेल? खरी कथा येथे सुरू होते.

दुसरा पाठ अधिक गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीनंतर आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळला व सुमारे दीडशे माणसे दगावली. उताराच्या मातीतील पाणी व हालचाल मोजून इशारा देणारे यंत्र एखाद्या वाडीत बसविले, अशी कल्पना करावी. ते दोनदा खोटे वाजले. तिसऱ्यांदा भर पावसात मध्यरात्री वाजले, तर घर कोण सोडील? अशी कथा लिहिताना लेखकाला भूजलाचा अभ्यास करावा लागतो, आणि वाचकही संकटाचा विचार संकटापूर्वी करू लागतो.

हाच इशारा ग्रामदैवताने स्वप्नात दिला, तर ती अद्भुतकथा होईल. तिलाही साहित्यात मानाचे स्थान आहे. मात्र तिनेही स्वतः घातलेले नियम पाळावे लागतात. चमत्कार आणि विज्ञान यांतील ही सीमारेषा विद्यार्थ्यांना स्पष्ट करून देणे, हे कार्यशाळेचे महत्त्वाचे कार्य होय.

अशा कार्यशाळेस फारसा खर्च येत नाही. शाळेचा एक वर्ग, गावचे ग्रंथालय, विषय जाणणारा एक मार्गदर्शक आणि एक दिवस पुरेसा आहे. सकाळी स्थळदर्शन, दुपारी लेखन, सायंकाळी वाचन असा क्रम ठेवावा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनास शाळा जातातच. त्या भेटीला लेखनाची जोड द्यावी. ग्रामपंचायतींनी निवडक कथा ग्रंथालयात जतन केल्यास विज्ञान हा परीक्षेपुरता विषय न राहता गावाच्या विचाराचा भाग होईल.