ज्युदोचा पोशाख व विद्यार्थ्याची काटकसर

ज्युदो या जपानी कुस्तीची ‘कोदोकान’ नांवाची शाळा जिगोरो कानो या शिक्षकानें १८८२ सालीं टोकियो येथें स्थापिली. या खेळांत प्रतिस्पर्ध्याच्या अंगरख्याची गळपट्टी व बाही धरून त्यास पाडावयाचें असतें. अशा ओढाताणींत साधा सदरा तेव्हांच फाटेल. म्हणून ज्युदोचा अंगरखा जाड विणीच्या सुती कापडाचा करितात. साहजिकच तो महाग पडतो.

ज्या विद्यार्थ्यास हा पोशाख घ्यावयाचा असेल, त्यानें प्रथम हिशेब मांडावा. समजा, किंमत १,८०० रुपये आहे व आठवड्यास ५० रुपये शिल्लक पडतात. तर ३६ आठवडे धीर धरिला पाहिजे. मध्यंतरीं स्वस्त व पातळ कापडाच्या पोशाखाचा मोह होईल. परंतु तो पहिल्याच झटापटींत उसवला, तर खर्च दोनदां करावा लागेल. सुती कापड धुतल्यावर आटतें व मुलाचें अंग वाढतें; यास्तव माप थोडें सैल घ्यावें.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. बचत करावी ती चैनीच्या पैशांतून; दूधभाकरीच्या पैशांतून नव्हे. उपाशी राहून मिळविलेला अंगरखा दुबळ्या खांद्यांवर काय शोभणार? मुलगा मधल्या सुटीच्या खाण्याचे पैसे तर सांठवीत नाहीं ना, इकडे आईबापांनींही लक्ष द्यावें.

तोंपर्यंत इजा न होतां पडावें कसें, हें शिकावें. ज्युदोचा आरंभीचा धडा तोच, व तो साध्या कपड्यांतही गिरवितां येतो. पोशाख घरीं येईल, तेव्हां तो घालणाराही तयार असावा.