भूत शोधायला मीटर घेताना

हौशी भूतशोधकांच्या हातात हमखास दिसणारं पाच रंगीत दिव्यांचं के-टू मीटर मुळात भुतांसाठी बनलेलं नाही. घरातल्या तारांभोवती आणि उपकरणांभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र किती आहे, हे तपासायला ते निघालं. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘घोस्ट हंटर्स’सारख्या कार्यक्रमांमुळे ते जगभर पोहोचलं. किंमत आवाक्यात, वापरायला सोपं आणि अंधारात लांबून दिसणारं, म्हणून नवखे लोक तेच मागवतात. मी मात्र ते घेऊ नका असंच सांगेन. दिवा लागतो तेव्हा नेमकं काय मोजलं गेलं, हे त्यावरून कळत नाही. तो विजेच्या तारेमुळे लागतो, तसाच शेजारच्या खिशातला मोबाइल टॉवरशी बोलू लागला की त्यानेही लागतो. आतला सेन्सर एकाच दिशेचं क्षेत्र पकडतो, त्यामुळे मनगट नुसतं वळलं तरी दिवे कमीजास्त होतात. जुन्या बनावटीत बटण सतत दाबून धरावं लागे. अंगठ्याचा दाब ढिला पडला की दिवे लुकलुकत. “असलास तर दिवा लाव” असं विचारल्यावर मिळणारी ‘उत्तरं’ या पार्श्वभूमीवर तपासून पाहिली पाहिजेत.

मग घ्यायचं काय? आकडा दाखवणारं आणि तिन्ही दिशांचं क्षेत्र एकदम मोजणारं मीटर. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या अल्फालॅब कंपनीचं ट्रायफील्ड टीएफ-२ तसं आहे. चुंबकीय, विद्युत आणि रेडिओ अशी तीन क्षेत्रं ते वेगवेगळी मोजतं, म्हणजे मोबाइलचा दोष तारेवर जात नाही. आपल्याकडे मागवताना ते महाग पडतं. तेवढे पैसे नसतील तर एकाच दिशेचं पण आकडा दाखवणारं साधं डिजिटल मीटर चालेल. एकाच जागी ते उभं, आडवं आणि काटकोनात धरून तीन आकडे घ्या. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की एकूण क्षेत्र मिळतं. खोक्यावर एक गोष्ट जरूर वाचा: भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, ती मीटरच्या टप्प्यात हवी. आणि एकच छोटा सेन्सर काही हर्ट्झपासून हजारो मेगाहर्ट्झपर्यंत सगळं अचूक मोजतो, असा दावा असेल तर ते खोकं परत ठेवा. मोबाइलवरची फुकट ॲपही या कामाची नाहीत. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो. तो पृथ्वीचं स्थिर क्षेत्र, म्हणजे सुमारे २५० ते ६५० मिलिगॉस मोजतो आणि भिंतीतल्या लोखंडी सळईपाशी गेलं की उडी मारतो.

मीटर चांगलं असलं तरी घर समजून घ्यावंच लागतं. फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी असल्या की त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात. दूर गेल्या की क्षेत्र पसरतं. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक असं टू-वे स्विच असतं. तिथे फेज एका मजल्यावरून आणि न्यूट्रल दुसऱ्या मजल्यावरून घेतली असेल, तर दिवा लागताच अख्ख्या जिन्याभोवती तारेचं मोठं वेटोळं तयार होतं आणि आकडा चढतो. दिवा बंद केला की उतरतो. भुताच्या गोष्टींत जिना वारंवार येतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. विटांची भिंत चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. पलीकडच्या बिऱ्हाडाचा मीटरबोर्ड किंवा फ्रिज अलीकडे आकडा दाखवतो. रात्री आपोआप सुरू होणारा टाकीचा पंप, वीज गेल्यावर घरघरणारा इन्व्हर्टर यांचंही तेच. म्हणून आधी सगळं चालू ठेवून खोलीभर आकडे लिहायचे, मग मेन स्विच पाडून पुन्हा लिहायचे.

यावर एक हरकत नेहमी येते: क्षेत्राचा मेंदूवर परिणाम होतो हे शास्त्रज्ञांनीच दाखवलंय ना? कॅनडातल्या लॉरेन्शियन विद्यापीठाचे मायकेल पर्सिंगर यांनी प्रयोगांवरून तसा दावा केला होता, हे खरं. पण २००५ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी, खोट्या आणि खऱ्या क्षेत्रातला फरक कुणालाच कळू न देता, तोच प्रयोग केला, तेव्हा क्षेत्राचा परिणाम दिसला नाही. माणसाची सूचनेला भुलण्याची प्रवृत्ती मात्र दिसली. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी खास खोली उभारून लोकांना आत सोडलं. अनेकांना विचित्र अनुभव आले, पण क्षेत्र चालू होतं की बंद याच्याशी त्यांचा संबंध लागला नाही. आणि परिणाम सिद्ध झाला असता तरी त्यातून तारेचा माणसावर परिणाम सिद्ध झाला असता, भूत नव्हे.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. वीजच नसलेल्या पडक्या वाड्यात आकडा चढला तर? तेव्हा आधी स्वतःच्या गटाकडे पाहा: मोबाइल, कॅमेरे, वॉकीटॉकी, पॉवर बँक. सगळी बंद करून लांब ठेवा, मीटर हातात न धरता दगडावर ठेवा, आसपास उच्चदाबाची वाहिनी आहे का ते बघा. एवढं करूनही आकडा टिकला तर ‘कारण सापडलं नाही’ एवढंच लिहा. भूत क्षेत्र निर्माण करतं, हे कुणी मोजून दाखवलेलं नाही. त्यामुळे चढलेल्या आकड्यावरून भुतापर्यंत जायला वाटच नाही.

हा काटेकोरपणा मी आग्रहाने मागतो, कारण आकड्याचं ओझं शेवटी त्या घरातल्या माणसांवर पडतं. “इथे काहीतरी आहे” असं मीटर दाखवून कुणी सांगितलं की घाबरलेलं कुटुंब मांत्रिकाचा पत्ता शोधतं, आणि अंगात आलं म्हणून मार खाते ती बहुधा घरातली आजारी बाई. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच छळांपायी. तेव्हा मीटर घ्या, जरूर शोधा, पण कुणाच्या घरातून निघताना त्यांच्या हातात मेन स्विच पाडण्याआधीचे आणि नंतरचे आकडे द्या. आणि जिन्यातलं वायरिंग सदोष वाटलं तर चांगला वायरमन बोलवायला सांगा.