कूलंटमध्ये पाणी: कुठलं, किती आणि केवढ्याला

कूलंटमध्ये पाणी घालावं का? घालावंच लागतं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी करणारा दुसरा स्वस्त द्रव नाही. दुकानात तयार मिळणाऱ्या कूलंटमध्येही बहुतेक वेळा निम्मं पाणीच असतं. उरलेलं इथिलीन ग्लायकॉल, गंज रोखणारी रसायनं आणि रंग. प्रश्न फक्त कुठलं पाणी आणि किती, एवढाच आहे. गाडीमालकाचे पैसे जातात ते तिथेच.

निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. सोलापूर-लातूरला त्याचं काय करायचं, हे विचारणं रास्त आहे. पुण्या-मुंबईहून लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी मात्र ते विचारू नये. तिथल्या थंड रात्री नुसतं पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर, प्रसंगी ब्लॉकही तडकवतं. आपल्या कामाची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. हे मिश्रण १०६-१०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे हा आकडा १२५ च्या पुढे जातो. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं असेल तर भारीतलं कूलंटही घाटात दगा देतं. झाकण १५० ते ४०० रुपयांत मिळतं. गाडी गरम होते म्हणून मोठा खर्च काढण्याआधी ते बदलून पाहायला हरकत नाही.

खरा मुद्दा गंजाचा आहे. ‘आमच्या अँबॅसडरमध्ये आयुष्यभर विहिरीचं पाणी घातलं, काही झालं नाही’ असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं खोटं नाही. त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. चोंदले तर उघडून, सळई घालून साफ करून, पुन्हा डाग देऊन बसवता येत. आजचे रेडिएटर पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांचे आणि प्लॅस्टिकच्या टाकीचे आहेत. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम झाले की आतून थर धरतात, आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम खातं. गाडी थंड असताना बॉनेट उघडून होजच्या क्लिपखाली बोट फिरवा. पांढरी-हिरवट भुकटी लागली, तर तिथून थेंब-थेंब गळून वाळतंय. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीच्या तळाला विटकरी गाळ दिसला, तर आत नळाचं पाणी बरेच दिवस फिरतंय.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड घ्या. बॅटरीत घालतात तेच. पंपावर, बॅटरीच्या दुकानात लिटरची बाटली साधारण २० ते ४० रुपयांना, ५ लिटरचा कॅन १०० ते १५० ला. घरच्या आरओचं पाणी नळापेक्षा बरं, पण त्यात क्षार ठेवलेले असतात. आरओचं बाहेर फेकलं जाणारं पाणी चुकूनही नको. सगळे क्षार त्यातच साठतात. एसीच्या नळीचं पाणी बादलीत धरून गाडीला वापरणारी मंडळी आहेत. त्यात क्षार नसतात हे खरं, पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी असते. पंचवीस रुपयांसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

आता डबा. बाजारात दोन प्रकार: तयार, म्हणजे तसंच ओतायचं, आणि कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी मिसळायचं. दोन्ही डबे शेजारी-शेजारी, जवळपास सारख्या रंगाचे आणि बऱ्याचदा थोड्याच फरकाच्या किमतीचे असतात. तयार कूलंट लिटरला साधारण २०० ते ३५०, कॉन्सन्ट्रेट २५० ते ४५०. वरवर दुसरं महाग. पण ३५० चं कॉन्सन्ट्रेट आणि ३० चं पाणी मिळून दोन लिटर होतात, म्हणजे लिटर पडलं १९० ला. तयार डब्यात आणखी पाणी मिसळणं म्हणजे पाण्यात पाणी. काही कॉन्सन्ट्रेटवर एकास दोन किंवा एकास तीन असं प्रमाण छापलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत काय सांगितलंय ते आधी बघा. कुठे ३०, कुठे ५० टक्के असतं. पुस्तिका नसेल तर निम्मं-निम्मं धरा. नुसतं कॉन्सन्ट्रेट मात्र ओतू नका. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं आणि गोठण्याच्या बाबतीतही मिश्रणापेक्षा कमजोर ठरतं.

रंगावर विसंबू नका. हिरवं, लाल, गुलाबी हे कंपनीच्या मर्जीचे रंग आहेत. त्यांचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर टिकतं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं पाच वर्षांच्या आसपास. दोन्ही एकत्र केली तर आयुष्य घटतं आणि वाईट जोडी जमली तर आत चिकट गाळ धरतो. डब्यावर जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असं मानक छापलेलं आहे का ते वाचा. ज्या डब्यावर नुसताच बर्फाच्या डोंगराचा फोटो आहे, तो दुकानदाराला परत द्या. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचं कूलंट वेगळं असतं. त्यात काहीही स्वतः मिसळायचं नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते फ्लशिंगमध्ये, आणि तेही कुणी फसवत नसताना. समजा तुमच्या छोट्या गाडीत ५ लिटर बसतं. मेकॅनिक खालचा होज काढतो, साडेतीन लिटर बाहेर येतं. उरलेलं दीड लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कॉइलमध्ये अडकून राहतं. मग तो नळाची नळी लावून स्वच्छ येईपर्यंत धुतो. म्हणजे आता आत दीड लिटर नळाचं पाणी आहे. त्यावर साडेतीन लिटर तयार कूलंट ओतलं की ग्लायकॉल उरतं ३५ टक्के. बिल ५० टक्क्यांचं, माल ३५ चा. बरोबर पद्धत अशी: शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने, मग आधी मोजून अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट, आणि वर मावेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू, एअर निघेपर्यंत. खर्चाचा हिशेब: कॉन्सन्ट्रेटचे तीन डबे १,०५०, पाण्याचा कॅन १५०, मजुरी ४०० ते ८००. म्हणजे गल्लीतल्या चांगल्या गॅरेजमध्ये १,६०० ते २,०००. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये याच कामाचे २,००० ते ३,५०० होऊ शकतात. मोठ्या डिझेल गाडीत ७ ते १० लिटर बसतं, त्या हिशेबाने वाढवा. हे आकडे अंदाजाचे आहेत. गाव आणि गाडी बदलली की बदलतात.

खंबाटकी किंवा कसारा घाटात काटा चढला आणि बाटली रिकामी दिसली तर? गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला सहन होईल इतका थंड झाल्यावर झाकणावर जाड फडकं टाकून सावकाश फिरवा. दुकानातलं बाटलीबंद पाणी घाला. त्या वेळी तेच योग्य. ५ लिटरमध्ये ३०० मिलिलिटर पाणी गेलं तर मिश्रण ५० वरून ४७ टक्क्यांवर येतं, काही बिघडत नाही. पण एक लिटर घातलं तर ४० टक्के, पुन्हा एक लिटर घातलं तर ३२, तिसऱ्यांदा २६. तिथे गंजापासूनचं संरक्षण नावापुरतं राहतं. शिवाय पाणी तीनदा का घालावं लागलं, हा प्रश्न आहेच. बंद यंत्रणेतलं पाणी आपोआप संपत नाही. कुठेतरी गळतंय, किंवा हेड गॅस्केटमधून इंजिन ते पितंय.

गळती वेळेत धरली तर होज आणि क्लिप ३०० ते १,०००, वॉटर पंप मजुरीसह साधारण २,००० ते ५,०००, छोट्या गाडीचा नवा रेडिएटर ४,००० ते ८,०००. काटा लाल असताना ‘घर दहाच किलोमीटरवर आहे’ म्हणून गाडी दामटली तर हेड वाकतं. मग गॅस्केट, हेड फेसिंग, ऑइल, मजुरी धरून १५,००० ते ३०,०००. पिस्टन धरले तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. यावर ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरमच होणार नाही’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ बिघाड लपतो. नवा थर्मोस्टॅट ५०० ते १,५०० ला येतो.

जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू देऊ नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशा ग्लायकॉलनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. घरात सुटा डबा ठेवायचा तर मुलांच्या हाताला लागणार नाही असा, आणि पाण्याच्या बाटलीत कधीच नाही.

काम झाल्यावर रिकामे डबे मागून घ्या आणि बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: कूलंटचं नाव, कॉन्सन्ट्रेट की तयार, आणि किती लिटर. कूलंटवर जीएसटी १८ टक्के आहे. गाड्यांच्या सुट्या भागांवरचाही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्केच, त्यामुळे २८ टक्के लावलेलं नवं बिल दिसलं तर विचारा. पक्कं बिल हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.